इयत्ता तिसरी, तुकडी ब

माझी मुलगी तिसरीत असताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की आजपासून थेंबसुद्धा घेणार नाही. आई देवघरासमोर बसली होती, बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरगी नुकतीच शाळेतून आलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. अकरा दिवस मी ती शपथ पाळली. बाराव्या दिवशी पगार झाला.

ती काही पहिली शपथ नव्हती. पहिली आईच्या पायांवर घेतली होती. दुसरी पंढरपुरात, नामदेव पायरीजवळ. मग एका आषाढीला गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की दारू-मटण सुटतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरंच सुटतं. माझ्या चुलत्यांची सुटली ती सुटलीच, मरेपर्यंत त्यांनी बाटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. माळेला मी कधीच नावं ठेवणार नाही. मी मात्र संध्याकाळी बाथरूममध्ये जायचो, माळ काढून खिळ्याला अडकवायचो आणि बाहेर पडायचो. गळ्यातली माळ काढायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. रात्री ती परत गळ्यात घालताना मला रडू यायचं, आणि त्या रडण्यालाच मी पश्चात्ताप समजायचो.

या सगळ्या काळात माझ्याकडे एक हुकमी पुरावा होता, तो म्हणजे श्रावण. गटारीला मनसोक्त प्यायची आणि मग महिनाभर एकदम कडक. ‘मला सवय असती तर श्रावण पाळता आला असता का?’ हा माझा सवाल असायचा आणि त्यावर कुणाकडे उत्तर नसायचं. श्रावणातला एकेक दिवस मी कसा मोजायचो, पिठोरी अमावस्या कोणत्या वारी येते हे कॅलेंडरवर किती आधी बघून ठेवायचो, ते फक्त मला माहीत. मग एका वर्षी नागपंचमीच्या आधीच मोडला. म्हणजे पाच दिवससुद्धा निघाले नाहीत. त्या वर्षापासून श्रावणाचं नाव मी काढायचं बंद केलं.

बायकोने तिच्या परीने सगळं केलं. बाटलीवर पेनाने खूण करून ठेवायची; मी खुणेपर्यंत पाणी भरायचो. डिकी, पाण्याची टाकी, जुन्या पेपरांची रद्दी, सगळं धुंडाळायची. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ‘दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत’ अशी जाहिरात रंगवलेली असते, तुम्हीही पाहिली असेल. तिथून तिने पुड्या आणल्या आणि महिनाभर माझ्या आमटीत कालवल्या. नंतर डॉक्टरांना तिने हे सांगितलं तेव्हा ते हादरले. पुडीत काय असतं ते कुणालाच कळायला मार्ग नसतो. आणि दारू सोडण्यासाठी दिलं जाणारं खरं औषध, डायसल्फिराम, तेसुद्धा माणसाला नीट सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. नकळत दिलं आणि वरून दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतू शकतं. तिचा दोष मी धरत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला माणूस हाती येईल ते फेकतो.

डॉक्टरांपर्यंत पोचलो तो मात्र माझ्याच चुकीने. २०१४ च्या पावसाळ्यात मी मनाशी ठरवलं की आता कुणाला काही सांगायचं नाही, एकट्याने, एका झटक्यात सोडायची. पहिल्या रात्री घाम आणि हातांना कापरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप हातात असताना फिट आली. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. तिसऱ्या रात्री मला भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसत होती, आणि नर्सला मी त्या झटकायला सांगत होतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू अशी अचानक तोडली तर असं होतं, कधी माणूस दगावतोसुद्धा. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्यांच्या आधाराने आणि बी-वनची इंजेक्शनं घेत काढायचे असतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी उद्यापासून बंद म्हणत असेल, तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या. एवढं एक माझं ऐका.

सुट्टी मिळताना तिथल्या समाजसेविका बाईंनी केसपेपरच्या मागे एक नंबर लिहून दिला. म्हणाल्या, “शरीरातली उतरवून दिली आम्ही. डोक्यातलीसाठी इथे जा.” तो कागद तीन आठवडे माझ्या पाकिटात होता, रेल्वेच्या पासमागे. रोज पास काढताना दिसायचा. फोन करायला कंपनीतून निघाल्यावर वागळे इस्टेटच्या एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसलो. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. किती घेता, कधीपासून घेता, कोणती घेता. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, “आज घेतलीय का?”

“नाही.”

“जेवलात का?”

मी गप्प. मला असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

“आधी काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी ओढ फार लागते. मग संध्याकाळी या.”

तो नंबर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा होता. त्यांची मीटिंग आमच्या डोंबिवलीतही होती. मी मुद्दाम बरीच स्टेशनं पलीकडची निवडली. कोणतं स्टेशन ते लिहीत नाही, कारण तिथे बसणाऱ्यांचं नाव-गाव बाहेर न जाणं हा त्या खोलीचा कणा आहे. स्टेशनपासून सात-आठ मिनिटांची वाट, वाटेत एक देशी दारूचं दुकान आणि दोन परमिट रूम. दुसऱ्या परमिट रूमसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. आतून कांदा-लिंबू पिळलेल्या चण्यांचा वास येत होता. मग महापालिकेची शाळा आली. गेटवर वॉचमन बिडी ओढत बसला होता. मी उगाच इकडेतिकडे बघत होतो, तर तोच म्हणाला, “मीटिंगला ना? पहिला मजला, तिसरी ब.” इतक्या सहज, जणू पालकसभेला आलो आहे.

तिसरी ब. दारावर खडूने फूल काढलेलं. आत पोरांचेच बाक, बुटके, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पंचवीस-तीस मोठी माणसं. दोरीला टांगलेल्या कागदी चिमण्या. भिंतीवर ज्ञानेश्वरांपासून आंबेडकरांपर्यंत फोटो. आणि फळ्याच्या कोपऱ्यात, प्रत्येक मराठी शाळेत असतं तसं, वार, दिनांक, त्याखाली पट, हजर, गैरहजर. पट ३८, हजर ३१, गैरहजर ७. हे आकडे माझ्या डोक्यात पक्के बसलेत, कारण पहिला अर्धा तास मी फळ्याखेरीज कुठेही पाहिलं नाही.

एकेक जण उठून पुढे येत होता. “माझं नाव अमुक, मी मद्यपाशी.” मद्यपाशी म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला. सगळे एका सुरात त्याला नावाने नमस्कार करायचे. मग तो बोलायचा. काही मराठीत, काही हिंदीत, एक जण दोन्हींची भेळ करत. भाषण कुणी करत नव्हतं. एक रिक्षावाला होता, त्याने सांगितलं की धंद्याच्या पैशातून क्वार्टर घ्यायची म्हणून तो मुलाला सांगायचा, आज भाडी लागली नाहीत; आणि मुलगा रात्री देवाला हात जोडून म्हणायचा, उद्या बाबांना भाडी लागू देत. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांनी सांगितलं की बायकोच्या दहाव्याला ते प्यायलेले होते, कावळा शिवत नव्हता आणि लोक म्हणत होते तिची इच्छा राहिली असेल. “इच्छा काय राहिली होती ते मला माहीत होतं,” एवढं म्हणून ते खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी सल्ला दिला नाही. थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

मी आजवर दारूबद्दल दोनच प्रकारची बोलणी ऐकली होती. एक बैठकीतलं, कोण किती पचवतो ते. दुसरं घरातलं, कुणी कुणाला बरबाद केलं ते. माणूस स्वतःच्या दारूबद्दल असा शांतपणे, डोळे न चोरता, बढाई नाही आणि रडगाणं नाही असा बोलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि लाज वाटून मी जे आयुष्यभर खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, ते इथे लोक सगळ्यांदेखत बाकावर ठेवत होते.

चहा आला, स्टीलच्या किटलीतून, सोबत पार्ले-जी. एक डबा फिरला. कुणी दहा टाकले, कुणी वीस. माझ्यापाशी आला तेव्हा शेजारचा म्हणाला, पहिल्यांदा आलेल्याने टाकायचे नाहीत. बाहेरून देणगी घ्यायची नाही, वर्गणी लावायची नाही, चहा आणि भाडं आपल्याच खिशातून, हा त्यांचा जगभरचा नियम. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असावी असंही नाही.

शेवटी मला विचारलं, बोलणार का. मी उभा राहिलो, आणि मला जे येत होतं तेच केलं. म्हणालो, मी आज सर्वांसमोर शपथ घेतो की पुन्हा आयुष्यात…

फोनवरच्या त्या म्हाताऱ्या बाबांनी हात वर केला. “थांबा भाऊ. इथे शपथ नाही घ्यायची. तुम्ही किती घेतल्यात आजवर?”

मी म्हणालो, “पाच-सहा.”

“मी एकोणीस. आज रात्री झोपेपर्यंत नाही घ्यायची, एवढंच. उद्याचं उद्या सकाळी बघू. आणि वाटलंच घ्यावीशी, तर घेण्याआधी मला फोन करा, नंतर नको.”

परतीच्या लोकलमध्ये ते बाबाच मला सोबत होते. त्यांनीच मला ही गोष्ट सांगितली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावी एक शेअर दलाल कामानिमित्त आला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. काम फिसकटलं, हॉटेलात तो एकटा आणि समोरच बार. त्याला कळून चुकलं की आत्ता आपल्याला वाचवू शकेल तो दुसरा एखादा पिणाराच. उपदेश करायला नको होता, बोलायला माणूस हवा होता. फोन करत करत तो एका सर्जनपर्यंत पोचला. सर्जनसाहेब पंधरा मिनिटं देतो म्हणून बसले आणि दोघं सहा तासांवर बोलत राहिले. त्या सर्जननी १० जूनला शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा वाढदिवस मानतात. आपल्याकडे हे १९५७ मध्ये आलं. बाबा म्हणाले, “म्हणजे बघा, पहिल्या मीटिंगला दोनच जण हजर होते. आज या डब्यात आपण दोघं आहोत.” मुंब्र्याचा बोगदा गेला, पारसिकचा वारा लागला, आणि मला वाटलं, डोंबिवली यायला अजून थोडा वेळ लागावा.

असे चार महिने गेले. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा म्हणतात. माझ्या ७४ झाल्या. मग नोव्हेंबरात कंपनीत एका वरिष्ठांचा निरोप समारंभ होता. कुणी आग्रह केला नव्हता. ग्लास समोरून चालला होता आणि मी घेतला. बाबांचा फोन नंबर खिशात होता.

इथे मला शपथेबद्दल जे कळलं ते सांगायचं आहे, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला. शपथ आयुष्यभराची असते. ती एका घोटाने मोडते, आणि मोडली की सगळीच मोडते. मग माणूस म्हणतो, मोडलीच आहे तर… या तीन शब्दांवर मी एकेका वेळी दोन-दोन महिने प्यायलो आहे. शिवाय शपथ मोडणारा तिच्या साक्षीदारांपासून तोंड लपवतो. आई, बायको, मुलगी, विठोबा, ज्यांची सोबत सगळ्यात जास्त हवी, त्यांच्याच समोर जायची सोय राहत नाही. मी नव्याने शपथ घ्यायचो ती सोडण्यासाठी कमी आणि परत घरात घ्यावं म्हणून जास्त. तिसरी ब मध्ये मी काहीच वचन दिलेलं नव्हतं, त्यामुळे मोडलं होतं ते फक्त कालच्या दिवसाचं. दुसऱ्या संध्याकाळी मी गेलो. पुढे उभं राहून सांगितलं, काल घेतली. सगळ्यांनी तसाच नमस्कार केला. रिक्षावाल्याने सरकून जागा दिली. बाबांनी विचारलं, “जेवलात का?” दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागलो, पण मोजायला बसायची जागा तीच होती.

त्या नोव्हेंबरानंतर आजपर्यंत घेतलेली नाही. आज रात्री झोपेपर्यंत घ्यायची नाही.

देवाचं काय, असं मला बरेच जण विचारतात, कारण आमच्या गटाच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या बारा टप्प्यांत, परमेश्वराचं नाव येतं. आमच्यात वारकरी आहेत, नमाजी आहेत, चर्चला जाणारे आहेत आणि देव न मानणारे दोघे आहेत. ते दोघे म्हणतात, ही खोली माझ्यापेक्षा मोठी आहे, मला तेवढं पुरतं. मी माळ पुन्हा घातली आहे. ती आता काढत नाही.

मीटिंग सगळ्यांना पुरते असं मात्र मी म्हणणार नाही. काहींना आधी भरती व्हावं लागतं. आमच्यातले तिघे पुण्याच्या मुक्तांगणमधून उपचार घेऊन आलेले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते येरवड्यात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. काहींना मनाचा दुसरा आजारही असतो, त्यांना गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. ‘खरा सोबर असशील तर गोळ्या कशाला’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नये. आणि बायकांचं तर फारच अवघड. आमच्याकडे एकच ताई येतात. त्या सांगतात की पुरुष प्यायला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात, माझं कळल्यावर मला माहेरी नेऊन सोडलं. पहिले सहा महिने त्या घरी ‘शिवणाच्या क्लासला जाते’ म्हणून सांगून यायच्या. गावाकडे तर जवळपास गटच नसतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही मोबाइलवर मीटिंग घ्यायला लागलो तेव्हा साताऱ्याच्या डोंगरातल्या एका वाडीवरून एक जण यायचा, रेंजसाठी झाडाखाली उभा राहून. ४ मेला दारूची दुकानं उघडली, टीव्हीवर रांगा दिसल्या, वृत्तवाहिन्या तळीराम तळीराम म्हणून चेष्टा करत होत्या. त्या रात्री मीटिंग अकरापर्यंत चालली. त्या रांगेतले काही जण हौसेने उभे नव्हते, त्यांचे हात कापत होते, हे ओळखायला आम्हाला टीव्हीवर जवळून बघावं लागलं नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, असं त्यात होतं. मी तो आकडा वाचला आणि डोळ्यांसमोर आला तो फळा. सगळा वर्ग, आणि त्यात हजर एक.

२०२२ च्या नोव्हेंबरात माझा आठवा वाढदिवस होता. सोबरायटीचा, म्हणजे दारू सोडल्याचा, वाढदिवस आम्ही केक कापून करतो, आणि ती मीटिंग खुली असते, घरचे येऊ शकतात. बायको शेजारच्या वर्गात अल-अनॉनला, म्हणजे घरच्यांच्या गटाला, किती वर्षं जातच होती. मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा आली. एकोणीस वर्षांची, पाय बाकाखाली मावत नव्हते, तिरकी बसली होती. बोलायला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती नाही म्हणेल.

ती उठली. म्हणाली, “मी तिसरीत असताना बाबाने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं की ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात आणि मोडतात, तो माणूस मरतो. बाबाच्या तोंडाला वास आला की मी रात्री झोपायची नाही. छातीवर हात ठेवून बघायची, चालू आहे का. सकाळी उठले की वाटायचं, आज वाचले.” थोडं थांबली. “मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबाला वाईट वाटेल म्हणून.” आणि बसली.

पंख्याचा आवाज. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मला धीर दिला नाही. पेनाची खूण, आमटीतल्या पुड्या, डिकी, माळ, सगळ्याचा हिशोब मी त्या खोलीत मांडून झालो होतो असं मला आठ वर्षं वाटत होतं. हा आकडा माझ्या वहीत नव्हताच. नवव्या पायरीत ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायला सांगितलंय. मी बाबांकडे पाहिलं. ते तेव्हा फार थकले होते, काठी घेऊन यायचे. त्यांनी फक्त मान हलवली, म्हणजे आत्ता काही बोलू नका.

बाक नीट लावले, केकचा खोका उचलला, किटली धुतली. फळा आम्ही कधी पुसत नाही, तो पोरांचा असतो. स्टेशनवर डोंबिवली लोकल लागलेली होती, आमच्या तिघांना जागा मिळाली. बायको खिडकीशी. मुलगी माझ्या शेजारी बसून मोबाइल बघत होती. तिच्याशी काय बोलावं ते मी ठाण्यापासून जुळवत होतो. बोगद्यात गाडी शिरली आणि दिवे मिणमिणले, तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं होतं. झोपली होती. माझे दोन्ही हात केकच्या खोक्यावर होते, ते मी तिथेच ठेवले आणि डोंबिवली येईपर्यंत हललो नाही.